एका वेळी एकीलाच

दोन लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन्ही लिफ्ट एकाच दिवशी उघडायच्या नाहीत. एक उघडायची, दारावर पाटी लावायची, काम संपवायचे, लोक तिच्यातून दोन-चार दिवस नीट ये-जा करताहेत हे बघायचे आणि मगच दुसरीला हात लावायचा. हा नियम त्याला कंपनीने दिलेला नाही. त्याने तो स्वतःला घालून घेतला आहे. नोकरीला नवा असताना त्याच्या वरिष्ठाने वेळ वाचवायला म्हणून एका इमारतीतल्या दोन्ही लिफ्ट एकदम बंद केल्या होत्या. सुटा भाग वेळेवर आला नाही. इस्पितळातून घरी आणलेले एक आजोबा संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसून राहिले आणि त्यांची बायको वरच्या कठड्यावरून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला. एका वेळी एकच.

तो पस्तिशीचा आहे. उंच, पण मान किंचित पुढे झुकलेली, कारण लिफ्टचे यंत्र गच्चीवरच्या ज्या खोलीत असते तिचे छत त्याच्या मापाने कोणी बांधत नाही. नखांच्या कडांना वंगणाची काळी रेघ. ती सुट्टीच्या दिवशीही जात नाही. आजूबाजूचे सगळे त्याला ‘लिफ्टवाला’ म्हणतात. तो राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. हा विनोद शेजाऱ्यांपैकी प्रत्येकाने त्याला ऐकवला आहे आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असे वाटते. तो दर वेळी हसतो.

वाईटात वाईट काय होईल याची कल्पना करणे हे त्याचे काम. दोर तुटला तर? ब्रेक धरला नाही तर? दार उघडले आणि पलीकडे लिफ्ट आलेलीच नसली तर? अशा प्रत्येक ‘तर’साठी लिफ्टमध्ये काही ना काही सोय असते आणि ती जागेवर आहे की नाही हे बघण्याचा त्याला पगार मिळतो. अडचण एवढीच की कामाचा निळा सदरा उतरवला तरी ही सवय अंगावरून उतरत नाही. मुली झाल्यापासून तर ती वाढली. द्राक्ष अख्खे दिले तर? खुर्ची खिडकीपाशी राहिली तर? त्याची बायको चष्म्यांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची काडी गरम करून वाकवायची, पुन्हा बसवायची, असे तिचे दिवसभर चालते. ती म्हणते, “ह्याला डोळे दोनच आहेत, पण अपघात दहा दिसतात. असल्या नजरेला नंबरच नाही आमच्याकडे.”

मुली जुळ्या. काही मिनिटे आधी आली ती थोरली आणि मागून आली ती धाकटी. कागदोपत्री दोघींना चांगली नावे आहेत, पण घरात ती कोणी वापरत नाही. थोरली अंगाने भरलेली, आवाजाने मोठी. धाकटी हाडाने बारीक. ती आधी बघते, मग करते. दोघी दीड वर्षाच्या झाल्या तेव्हा आरोग्य केंद्रातून फोनवर आठवण आली: घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीचा पुढचा डोस द्यायचा आहे.

“दोघींना एकदम नको,” संध्याकाळी तो म्हणाला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याची आई पलंगावर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होती.

“का?”

“काही झालं तर?”

“काय होणार आहे? आधीचे डोस झालेच की.”

“आधी लहान होत्या. ताप आला आणि उतरला. आता म्हणे ह्या डोसाला पाय जास्त सुजतो.”

“कोण म्हणे?”

फोनवर पालकांचा एक ग्रुप होता आणि तो त्यात होता. तिला ते माहीत होते.

“अरे, त्या पोरी आहेत, लिफ्ट नाहीत,” ती म्हणाली. “एकीच्या गळ्यात काय पाटी लावणार आहेस का, दुरुस्ती चालू आहे म्हणून?”

पलंगावरून आई हसली. तो हसला नाही. त्याने नीट मुद्दा मांडला. दोघींना एकदम ताप आला तर कोण कोणाला घेणार? आईचे गुडघे आधीच संपावर. दोघांपैकी एकाला तरी कामावर जावेच लागणार. एकीचे झाले, आठवडा गेला, की दुसरीचे करू. यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. पण हे अर्धेच कारण होते. एकीला काही झाले तर दुसरी तरी राहील, हे वाक्य त्याने उच्चारले नाही. बायकोला ते ऐकू आले.

“आणि आधी कोण?” तिने विचारले.

त्याने लसीचे कार्ड काढून दोघींची वजने पाहिली.

“थोरली,” तो म्हणाला. “तिचं वजन जास्त आहे.”

बायकोने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

आरोग्य केंद्राच्या लसीच्या खोलीत दोन बाकडी, एक वजनकाटा आणि भिंतीवर रंगाचे पोपडे. लस देणाऱ्या सिस्टर जाड भिंगांचा चष्मा लावतात आणि बोलताना हात थांबवत नाहीत.

“दोघींना आणलंय ना? छान. एकदाच काय ती रडारड.”

“आज एकच,” तो म्हणाला.

सिस्टरनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या बायकोकडे. बायकोने छताकडे पाहिले.

“म्हणजे हिचा पेपर आणि तिने निकाल बघत बसायचं?” सिस्टर म्हणाल्या. “बरं. पण फार दिवस घालवू नका हं. काय सोसायचं ते हिने सोसायचं आणि त्या दुसरीचं संरक्षण मात्र वाढलंच नाही, असं व्हायला नको.”

थोरलीला तिच्या आईने मांडीवर धरले. डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई गेली. आधी आवाजच आला नाही, फक्त तोंड उघडले. मग खोली भरली. धाकटी बापाच्या कडेवरून हे सगळे बघत होती. तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला. सिस्टरनी सांगायचे ते सांगितले: ताप येईल, मांडी दुखेल, गाठ येईल, ती चोळायची नाही, गार पाण्याची घडी ठेवायची, औषध वजनाप्रमाणेच द्यायचे. ताप उतरेना, झटका आला, रडणे तासन् तास थांबेना, तर लगेच यायचे. थोडा वेळ बाहेर बाकावर बसून मग जायचे.

त्याने या सगळ्यातला ‘झटका’ तेवढा घरी नेला.

ताप त्याच संध्याकाळी आला. तो अपेक्षित होता, औषधाने उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. दुसऱ्या दिवशी थोरलीला जमिनीवर उभी केली तेव्हा तिने डावा पाय वर घेतला, बगळ्यासारखा, आणि मटकन बसली. मांडीवर सुईच्या जागी लालसर, कढत, सुपारीएवढी गाठ होती. चालायला लागून तिला सहा महिने झाले होते आणि ती पुन्हा रांगायला लागली. रांगतानाही डावा गुडघा टेकवेना. तो पाय मागे फरफटत यायचा.

त्याने तिच्या तळव्याला बोट लावून पाहिले. तिने पाय मागे घेतला. पुन्हा लावले. पुन्हा घेतला. असे त्याने इतक्या वेळा केले की शेवटी तिने दुसऱ्या पायाने त्याच्या हातावर लाथ मारली.

“तिला त्रास देऊ नकोस,” आई म्हणाली. “दुखतंय तिला.”

“दुखतंय की हलतच नाहीये, हे कसं कळणार?”

“आत्ता लाथ बसली ती काय वाऱ्याने बसली?”

“ती उजवी होती.”

डॉक्टरीणबाईंनी तपासले. गुडघा वाकवला, सरळ केला, घोटा फिरवला. थोरली किंचाळली, पण पायात जोर होता. “पाय उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “दुखतो म्हणून टेकवत नाही. या डोसानंतर काही मुलांना असं होतं. तीन-चार दिवसांत चालेल. गाठ मात्र रेंगाळेल, तिच्याकडे सारखं बघू नका.”

“आणि नाही चालली तर?”

“तर परत आणा, बघू. पण चालेल.”

‘चालेल’पेक्षा त्याला ‘परत आणा’ अधिक खरे वाटले. फोनवरच्या ग्रुपमध्ये त्याने विचारले आणि उत्तरांचा पाऊस पडला. एकाच्या भाचीचा पाय असाच सुजला होता. एकीच्या शेजारणीच्या मुलाने चालणे सोडले होते. पुढे काय झाले, हे कोणीच लिहिले नव्हते. मूल पळायला लागले की आईबाप त्याच्यामागे पळतात. ग्रुपवर येऊन कळवत नाहीत. हे त्यालाही समजत होते. समजून काही उपयोग होत नव्हता.

त्याने बायकोला सांगितले, “धाकटीचं सध्या नको.”

“सध्या म्हणजे?”

“ही चालेपर्यंत.”

तिने मान डोलावली. तिलाही भीती वाटत होती. फक्त ती ते बोलून दाखवत नव्हती. दुकानात त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाची काडी इतकी तापवली की ती मोडली.

लिफ्टचे काम जोडीने होते. एक जण वर यंत्राच्या खोलीत, दुसरा तळाच्या खड्ड्यात, आणि मधल्या अंधाऱ्या बोगद्यातून आवाजावर आवाज. त्याचा जोडीदार वयाने मोठा, पोटाने त्याहून मोठा. सगळे त्याला काका म्हणतात. खालचा माणूस सुरक्षित जागी आहे हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय वरच्याने बटण दाबायचे नसते. एकदा विचारायचे, एकदा उत्तर. त्या आठवड्यात तो तीन-तीनदा विचारत होता.

“काका, कुठे आहात?”

“मघाशी होतो तिथेच.”

“काका, बाजूला आहात ना?”

“अरे बाबा, एवढं पोट घेऊन उडून जाणार आहे का मी? दाब की बटण!”

“नक्की बाजूला आहात?”

जेवणाच्या सुट्टीत काकांनी डबा उघडता उघडता विचारले, “पोरगी कशी आहे?”

“रांगतेय अजून.”

“रडते का?”

“तशी नाही. खेळते, हसते. खाली ठेवली की रांगते. मी घरी गेलो की हात वर करते, घे म्हणते. मग मी घेऊनच फिरतो तिला.”

“किती वेळ?”

“झोपेपर्यंत.”

काका काही तरी बोलणार होते. त्यांनी घास तोंडात घातला आणि ते राहूनच गेले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले तीन-चार दिवस उलटले, वर आणखी काही गेले. ताप कधीच गेला होता. गाठ वाटाण्याएवढी झाली होती, लाली नव्हती. पण तो संध्याकाळी दारातून आत आला की थोरली जमिनीवर पाय ओढत, हुं हुं करत त्याच्याकडे यायची. “दुपारी मला वाटलं, उभी राहिली होती पलंगाला धरून,” आई एकदा म्हणाली. “डोळा लागला होता माझा, नक्की सांगता येत नाही.” त्याने ते कानावर घेतले नाही. आईची नजर आता तशी राहिलेली नाही; चष्मा सुनेनेच बसवून दिलेला आहे, पण ती तो पेपर वाचतानाच लावते.

मग पाळणाघरातून बातमी आली. आई गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे जायची त्या दिवशी मुलींना तिथे ठेवत. पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी बायकोला फोन करून सांगितले की तिथल्या एका तान्ह्या बाळाला डांग्या खोकला झाला आहे. इस्पितळात ठेवले आहे. खोकता खोकता निळे पडत होते. “ज्यांचा डोस राहिलाय त्यांनी बघून घ्या,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता.

त्या दिवशी घरात दोघांचे जोरात वाजले.

“उद्या धाकटीला नेऊ,” बायको म्हणाली.

“ही अजून रांगतेय आणि तू तिला न्यायचं म्हणतेस?”

“त्या बाळाला श्वास घेता येत नव्हता!”

“ते तान्हं आहे. हिचे आधीचे डोस झालेत.”

“मग हा कशाला सांगितलाय, गंमत म्हणून? तुला एकच भीती दिसते रे. दुसऱ्या बाजूलाही बघ की जरा.”

“बघतोय. दोन्ही बाजूंना बघतोय म्हणून तर पाय उचलत नाहीये.”

“पाय तिचा उचलत नाहीये. तुझं डोकं बंद पडलंय.” तिने ओढणी खांद्यावर टाकली. “तुला जमत नसेल तर मी नेईन. एकटी नेईन. तुला विचारणारसुद्धा नाही.”

हे ती रागाने म्हणाली होती. आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि पोरींना घेऊन ती आतल्या खोलीत गेली.

दोन दिवसांनी एका इमारतीतले काम लवकर उरकले आणि तो दुपारीच घरी आला. आई स्वयंपाकघरात होती. थोरली दाराजवळच बसली होती. तिने सवयीने हात वर केले. पलीकडे धाकटी खेळत होती. ती बापाला बघून उठली आणि त्याच्याकडे यायला निघाली. एक पाय टाकला, दुसरा ओढला. एक टाकला, दुसरा ओढला. उजवा पाय.

तो दारातच थिजला. खांद्यावरची हत्यारांची पिशवी केव्हा खाली ठेवली हे त्याला कळले नाही. त्याने धाकटीला उचलून पलंगावर आडवे केले आणि तिची चड्डी वर सरकवली. उजव्या मांडीवर, बाहेरच्या बाजूला, एक लाल ठिपका होता.

“आई!”

आई ओल्या हातांनी बाहेर आली.

“हिला कोण घेऊन गेलं होतं?”

“कुठे?”

“केंद्रात. सुई द्यायला. ती घेऊन गेली ना?”

“कोणी कुठे गेलं नाही. मी घरातच आहे.”

“काल तू गुडघ्यांसाठी गेली होतीस. दुपारी.”

“हो, पण ती तेव्हा सुट्टी घेऊन घरीच होती मुलींपाशी...” आई बोलता बोलता थांबली. थांबायला नको होते.

त्याने बायकोला दुकानात फोन लावला. गिऱ्हाईक समोर असताना ती कधी फोन घेत नाही. त्याने परत लावला, परत लावला. शेवटी तिने घेतला तेव्हा त्याने ‘हॅलो’सुद्धा म्हटले नाही.

“तू धाकटीला इंजेक्शन देऊन आणलंस?”

“काय?”

“सरळ सांग. लंगडतेय ती. मांडीवर खूण आहे. मला न सांगता नेलंस ना?”

मग ती म्हणाली, “ती लंगडतेय?” आणि फोन ठेवला.

दुकान लांब नाही. ती जिना चढून आली तेव्हा धापा टाकत होती आणि गळ्यात दुकानातली दोरी लावलेली मोजपट्टी तशीच होती. तिने नवऱ्याकडे पाहिलेही नाही. पोरीची मांडी उजेडाकडे वळवून ती खाली वाकली. दिवसभर लोकांच्या नाकावरचे ओरखडे बघणारे तिचे डोळे त्या ठिपक्यावर स्थिर झाले.

“डास चावलाय,” ती म्हणाली. “हा बघ, दुसरा पोटरीवर. तिसरा इथे कोपरावर. एवढ्या सुया टोचून आणल्या का मी?”

“मग लंगडते कशी?”

“मला काय माहीत!” तिने पोरीची चड्डी सारखी केली. “पण मी नेलं नाही. तुझ्या आईसमोर सांगते. तुला खरं वाटत नसेल तर केंद्रात जाऊन विचार त्या सिस्टरना. जा.”

सुई नाही आणि तरी पाय ओढतेय. म्हणजे हा दुसराच कसला तरी आजार, हे दोघांच्याही मनात एकदम आले. लसीने झालेले असते तर निदान कारण तरी होते. “डॉक्टरांना फोन लावतो,” तो म्हणाला आणि बाहेर जिन्यात गेला, कारण घरात फोनला आवाज नीट येत नाही. बायकोही मागोमाग बाहेर आली. आई स्वयंपाकघरात गॅस बंद करायला गेली. दार अर्धवट लोटलेले राहिले.

फोन लागत नव्हता. वाट बघताना त्याची नजर दाराच्या फटीतून आत गेली.

थोरली उठली. कशालाही न धरता, दोन्ही पायांवर. ती चालत चालत पलीकडे गेली, धाकटीच्या हातातला चमचा तिने हिसकावून घेतला आणि चालतच परत निघाली. धाकटी ओरडत तिच्यामागे धावली. दोन्ही पायांनी. पलंगाला एक पूर्ण फेरी झाली.

त्याने बायकोचा दंड धरला आणि तोंडाने न बोलता आत बोट दाखवले. दोघे फटीशी डोके लावून उभे राहिले. शेजारच्या दारातून कोणी पाहिले असते तर त्यांना चोर समजले असते.

मग त्याने दार ढकलले. थोरली जागच्या जागी गुडघ्यांवर बसली, डावा पाय मागे टाकला आणि हात वर केले. धाकटीने तिच्याकडे पाहिले आणि तीही चालू लागली: एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा.

“आता डावा,” बायको म्हणाली.

“काय?”

“मघाशी उजवा ओढत होती म्हणालास ना? आता डावा ओढतेय.”

तो मटकन खुर्चीवर बसला. थोरली पाय ओढत त्याच्या पायाशी आली, धाकटी तिच्यामागून. दोघींनी हात वर केले. लंगडले की बाप कडेवर घेतो आणि झोपेपर्यंत खाली ठेवत नाही, एवढे थोरलीला कळले होते; आणि थोरलीला जे मिळते ते आपल्याला का नाही, एवढे धाकटीला.

आवाजाने बाहेर आलेल्या आईला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून परत स्वयंपाकघरात गेली. बायको हसली नाही. तिने गळ्यातली मोजपट्टी काढून तिची दोरी हाताला गुंडाळली.

“मी पोरीला चोरून नेलं असं वाटलं तुला.”

“तूच म्हणाली होतीस, एकटी नेईन म्हणून.”

“म्हणाले होते. नेलं नव्हतं.” ती दाराकडे वळली. “दुकानात माणसं ताटकळलीत माझी. उद्या तू ने तिला. मी येणार नाही. थोरलीच्या वेळी मी धरलं होतं. ही तू धर.”

बोलण्यासारखे होते, पण ती जिन्यावर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि धाकटीला एकट्याने नेले. बाकावर बसल्यावर त्याचा गुडघा आपोआप हलत होता. धाकटीला तो झुला वाटला.

“लागला वाटतं निकाल,” सिस्टर म्हणाल्या.

“लागला.”

“आणि?”

“चालते ती. खरं म्हणजे आधीपासूनच चालत होती बहुतेक.”

सिस्टरनी काही विचारले नाही. त्यांच्यासमोरच्या बाकावर रोज असली कोडी येऊन बसतात. “घट्ट धरा. पाय हलू देऊ नका. हलला तर जास्त दुखेल.”

दुसऱ्याच्या हातात असताना बघणे वेगळे. आपल्याच तळहाताखाली ती मांडी, तिच्यातला सगळा जोर, आणि तिचे डोळे थेट आपल्यावर, की हे तू करू देतोयस. त्याने पाय हलू दिला नाही. सुई गेली, आली. धाकटी रडली, आणि रडायला तिने तोंड त्याच्याच छातीत खुपसले. बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले होते त्याच्या दुप्पट वेळ तो बसला.

ताप त्याच संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी मांडीवर गाठ आली आणि धाकटीने पाय टेकवायचे नाकारले. थोरली लगेच गुडघ्यांवर उतरली. आता एक खरी आणि एक खोटी, आणि त्याला दोघींतला फरक उघड दिसत होता: खोटी रांगताना इकडेतिकडे बघायची, खरी कोणाकडेच बघत नव्हती. तरीही रात्री झोपण्यापूर्वी त्याने धाकटीच्या तळव्याला बोट लावून पाहिले. बायको पाठमोरी होती.

“हलला?” तिने विचारले.

“हलला.”

“मग झोप.”

त्या दुपारनंतर ती त्याच्याशी कामापुरतेच बोलत होती. थोरलीला त्याने आता कडेवर घेणे बंद केले. ती चिडली, तिने भिंतीवर लाथा मारल्या आणि संध्याकाळपर्यंत ती चालू लागली. धाकटी मात्र दुसऱ्याही दिवशी रांगली, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी त्याला कामावर जावे लागले. बायकोने सुट्टी घेतली.

तो वर यंत्राच्या खोलीत होता, काका खाली, तेव्हा फोन वाजला. काम चालू असताना फोन घ्यायचा नाही हाही त्याचाच नियम. त्याने मुख्य बटण बंद केले, बोगद्यात तोंड घालून ओरडून सांगितले, “काका, थांबा, काही दाबत नाही!” आणि फोन घेतला.

“उभी राहिली,” बायको म्हणाली.

“धरून?”

“आधी धरून. मग सोडलं.”

“चालली?”

“चार पावलं टाकली. पाच असतील.”

“तू समोर होतीस का? तू दिसलीस की ती—”

“मी दाराआड होते,” ती म्हणाली. “मी काय वेडी आहे?”

“दोन्ही पाय टेकले?”

“दोन्ही.”

“नीट बघितलंस?”

त्याला वाटले, आता ती चिडेल. खालून काका ओरडले, वर झोपलास की काय म्हणून. फोनमध्ये काही तरी हलल्याचा आवाज आला.

“थांब,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “परत उठतेय. फोन ठेवू नकोस.”

त्याने ठेवला नाही.